यादीतून काढलेलं नाव

रूथ गेली ती सकाळी, दवाखान्यात, आणि मी तिथं नव्हतो. तिनं चष्मा मागितला म्हणून घरी आलो होतो. लातुरात आमची खोली दवाखान्यापासून काही लांब नाही, पण माझे गुडघे असे झालेत की जाऊन यायला पाऊण तास लागला. परत आलो तर नर्सबाई खाटेजवळचं टेबल आवरून राहिल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाबा, बसा जरा." माणूस जिता असला की कोणी बसा म्हणत नाही, डबा आणला का, गोळ्या आणल्या का असंच विचारतात. मी बसलो नाही. चष्मा हातात धरून उभा राहिलो... त्याला आता सात आठवडे होतील.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, पेपरच्या पुरवणीत दोन शब्द लिहा, रूथबाईंनी लई सेवा केली. मी चौथी शिकलेला सुतार माणूस. पण दुसऱ्या कोणी लिहिलं तर तो लिहील की बाई प्रेमळ होत्या, हसतमुख होत्या. ती हसतमुख नव्हती. तोंडावर बोलायची आणि तिला बरं वाटावं म्हणून कोणी काही बोललं तर तिला राग यायचा. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आणि माझी एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती दुसरा कोणी लिहू शकत नाही.

आमचं मिशनचं ठाणं देवणीच्या अलीकडं होतं. एक चर्च, तीन खोल्यांची शाळा, साहेबांचा बंगला आणि मागं आमची कौलारू खोली. मी कंपाउंडचा सुतार, ती बायबल-बाई. म्हणजे खांद्याला चित्रांची गुंडाळी अडकवून गावोगाव पायी जायचं, बायांना चित्रं दाखवून येशूची गोष्ट सांगायची, बाळंतिणीला औषध द्यायचं, कोणाला शिकायचं असलं तर धुळीत बोटानं अक्षरं काढून दाखवायची. गावात तिला चित्रंवाली म्हणायचे. कितीतरी घरांत तिला पायरीच्या खाली उभं केलं. ती उभी राहायची. मी विचारायचो, "लाज न्हाई का वाटत तुला?" तर म्हणायची, "मला उभं करतात तर मी उभी राहते. तुम्हाला काय तकलीफ हाय? तुम्ही खुर्च्या बनवा." असं तिचं उत्तर. देवाबद्दल बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा, माझ्याशी बोलताना कधी झाला नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मिशननं दुधाची पावडर आणली. कंपाउंडात चुली मांडल्या, कढया चढल्या आणि वाटपाचं काम रूथकडं आलं. साहेब म्हणाले, उपासनेला येतात त्यांची नावं आधी लिहा. तिनं मान हलवली आणि गावातल्या एकूणएक घराचं नाव लिहिलं, ज्यांनी तिला पायरीखाली उभं केलं त्यांचंही. साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, "रूथबाई, ही सगळी उपासनेला येतात?" ती म्हणाली, "येतील का न येतील ते त्यांचं तेच सांगतील, साहेब. दूध आजच नासून जाईल." साहेब चांगला माणूस होता, हसला आणि गेला. आमचा एकुलता एक मुलगा शमुवेल, शमू म्हणायचो आम्ही, तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो जर्मनचा गिलास घेऊन सगळ्यांबरोबर उन्हात उभा राहायचा. मी म्हटलं, "आपल्या लेकराला आतून दे की." तर म्हणाली, "माझं लेकरू आतून पिलं तर बाहेरच्याला रांगेत कशाला उभं करायचं?" एक दिवस त्याचा नंबर यायच्या आधी दूध संपलं. तो गिलास घेऊन घरी आला, गिलास फळीवर उपडा ठेवला आणि खेळायला गेला. त्या वयात पोरं बोलत नसतात, ठेवून घेतात.

पुढं पाऊस झाला, रांग गेली, चर्चमधले मी केलेले बाक होते तसे रिकामे झाले. रूथला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. मी तिला बोलून दाखवलं की तुझी सारी मेहनत पाण्यात गेली. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळी खांद्याला लावून निघाली.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. ढोल वाजले, गुलाल उधळला, उदगीरपर्यंत लोक मिठाई वाटत होते. त्याच दिवसांत मिशनचं पत्र आलं. साहेब लोक त्याच्या आधीच आपापल्या देशाला गेले होते. पत्रात लिहिलं होतं की हे काम आता स्थानिक मंडळीच्या हाती सोपवण्यात येत आहे. स्थानिक मंडळी म्हणजे आम्ही सात घरं. बायबल-बाईची जागा बंद. रूथला एक शाल दिली, एक फोटो काढला, आणि महिन्याच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं. ज्या गावांत तिनं वीस वर्षं चपला झिजवल्या, तिथून सामान भरायला एक माणूस आला, आणि तोही बैलगाडी त्याची होती म्हणून आला. मला आजही त्या गावांची नावं घ्यावी वाटत नाहीत. ती मात्र गाडीत बसून प्रत्येक गावाच्या फाट्याला हात जोडत होती. मी म्हटलं, "कोणाला जोडतेस? कोण हाय तिथं?" म्हणाली, "तुम्ही पुढं बघा."

लातुरात आलो आणि माझं नशीब उघडलं, तिचं मिटलं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या. प्रत्येक कचेरीला टेबलं पाहिजेत, फायली ठेवायला मांडण्या पाहिजेत. माझ्या हाताला उसंत नव्हती. तिला एका खासगी दवाखान्यात आयाचं काम मिळालं. जिनं बायांना वाचायला शिकवलं ती दुसऱ्यांच्या बाळंतपणाची चादर धुवायला लागली. घरी येऊन एवढंच म्हणायची, "काम हाय." शमू तेव्हा कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज भरून राहिला होता. नव्या कचेऱ्यांत मीच टेबलं लावली, पण त्या टेबलावर माझं पोरगं बसेना. ख्रिस्ती लिहिलं की सवलत नाही, बौद्ध लिहिलं की होती. माझ्या धाकट्या भावानं छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली होती, तो नांदेडला राहायचा. त्याची दोन्ही पोरं शिकून नोकरीला लागलेली. शमू त्याच्याकडं जाऊन राहिला, सहा महिन्यांनी परत आला तो दीक्षा घेऊन आणि नांदेडच्या सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी घेऊनच.

मी विचारलं, "नोकरीसाठी घेतलीस का मनानं घेतलीस?" तो म्हणाला, "बाबा, खरं सांगू? आधी नोकरीसाठी गेलो. काकांच्या घरी राहिलो, वाचलं, ऐकलं, मग मनानं पण घेतली." मी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. मी त्याला म्हणालो, ह्या उंबऱ्याच्या आत आता यायचं नाही. रूथ मधे पडली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. तो तिच्याकडं वळला आणि म्हणाला, "आई, तू साऱ्या गावाला आत घेतलंस. मलाच तेवढं रांगेत ठेवलंस." त्याची पेटी त्यानं उचलली. तो गेल्यावर मी तिला सांगून टाकलं, "तू त्याच्याकडं गेलीस तर तिकडंच राहा." त्या काळी असं बोलणारा नवरा म्हणजे कडक आणि खरा माणूस समजला जायचा. मीही स्वतःला तसंच समजत होतो.

ती गेली नाही. तिनं दुसरं केलं. नांदेडला रेबेका मावशी म्हणून तिची मैत्रीण होती, दोघी एकाच वर्षी बायबल-बाईचं काम शिकल्या होत्या. तिथं बहिणींची प्रार्थना-सभा होती आणि रेबेका मावशीकडं एक पुठ्ठ्याची वही होती. ज्याच्या घरी अडचण आहे त्यानं चिठ्ठी लिहून द्यायची, मावशी त्याचं नाव वहीत चढवायची आणि सगळ्या बहिणी रोज ते नाव घेऊन प्रार्थना करायच्या. पण नुसतं तेवढं नव्हतं. त्यांचा नियम असा की ज्याचं नाव वहीत, त्याच्या घरी महिन्यातून एका गुरुवारी दोघींनी जाऊन बसायचं. प्रार्थनेचं उत्तर मिळालं अशी कोणी सभेत साक्ष दिली की नावावर रेघ मारायची आणि दुसऱ्या घराकडं वळायचं. रूथनं चिठ्ठी पाठवली. मिशनचं काम सुटल्यापासून आमचं घर फुटलंय, आमच्यासाठी प्रार्थना करा, मुलाचं नाव शमुवेल. असं तिनं लिहिलं हे मला दोन महिन्यांनी कळलं, ते पण बाहेरून. नांदेडचा एक माणूस लाकडाच्या वखारीत भेटला आणि म्हणाला, "तुमच्या शमूसाठी आम्ही सगळे मागतोय बरं का." माझ्या अंगाची आग झाली. पुढं जो भेटेल तो तेच म्हणायचा. माझ्या पोराचं नाव लोकांच्या तोंडात, आणि नजरेत कीव.

पण रूथमध्ये एक फरक पडला होता. दर महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं, रेबेका मावशीचं, आणि ते आलं की दोन-चार दिवस ती भाकरी थापताना गुणगुणायची. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला मना करावं लागलं असतं. मला ठाऊक होतं की त्या बाया शमूकडं जातात. त्यानं लग्न केलं होतं, सुजाता तिचं नाव, नांदेडच्याच बौद्ध घरातली. बाया तिथं जाऊन बसायच्या. रूथनं बनवलेली शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, तिकडची खुशाली इकडं लिहायच्या. रेबेका मावशी पुढं मला म्हणाली, "भाऊजी, त्या घरात आम्ही चहा तोंडानं प्यायचो आणि प्रार्थना मनात म्हणायचो. सुजाताला समजायचं. ती तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवायची."

दोन वर्षं असं चाललं. मग नांदेडला वार्षिक सभा भरली, तीन दिवसांची, मांडव घालून. रूथला दवाखान्यातून सुटी मिळाली नाही, मी एकटा गेलो. तेव्हा लातूरच्या चर्चमध्ये मला पंच, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, करायचं चाललं होतं. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळ्यांची हरकत नाही, फक्त घरचं ते एक आहे ना..." ते एक. माझं पोरगं म्हणजे ते एक. संध्याकाळी साक्षीची वेळ झाली. एकजण उठला, त्याची गाय वाचली होती. एक बाई उठली, तिच्या नवऱ्यानं दारू सोडली होती. रेबेका मावशी पुढं वही घेऊन बसलेली, रेघा मारून राहिली होती. आणि मी उठलो. मी म्हणालो, "माझा मुलगा शमुवेल घरी परत आला, आमचं घर जुळलं. देवानं ऐकलं. बहिणींचे आभार." मांडवात सगळ्यांनी देवाची स्तुती केली. शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. रेबेका मावशीचे डोळे भरले, तिनं पेन उचललं आणि रेघ मारली. मी बघितलं रेघ मारताना. तेवढ्यात सांगता आलं असतं. मी खाली बसलो.

पुढच्या पोस्टकार्डात एकच ओळ होती की तुझ्या घरचं उत्तर ऐकून आम्हा सगळ्यांना हर्ष झाला. रूथनं ते वाचलं. मी रंधा मारत होतो.

"शमू कधी आला?" तिनं विचारलं.

मी रंधा थांबवला नाही.

"अवो, मी विचारून राहिले. शमू कधी आला घरी?"

"आला न्हाई."

तिनं कार्ड फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "आता मी परत काय लिहू? माझा नवरा मांडवात उभा राहून खोटं बोलला, असं लिहू?"

"लिही की. कोणी हात धरलाय?"

"नाही लिहीत," ती म्हणाली. "तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि उठून पीठ मळायला लागली. त्याच्यानंतर तिनं हा विषय मरेपर्यंत काढला नाही. मला वाटलं, मिटलं. मी पंच झालो. रविवारी दानाची थैली फिरवायचो, कोट घालून. ती बायांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायची आणि थैली तिच्यापुढं आली की माझ्याकडं न बघता टाकायची.

नांदेडच्या बाया शमूकडं जायच्या बंद झाल्या. का जातील? रेघ मारली होती. पोस्टकार्ड बंद झालं. सुजाताला मुलगी झाली हे आम्हाला माझ्या भावाच्या तोंडून कळलं, तेही पोर चालायला लागल्यावर. त्यालाही तीन वर्षं गेली तेव्हा कुठं माझा ताठा मोडला, मीच रूथला म्हणालो चल. आम्ही गेलो. नात चार वर्षांची झाली होती, आमच्याकडं बघून आईच्या मागं लपली. सुजातानं ताट वाढलं, पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं, जसं ऑफिसातल्या माणसाचे आईबाप आल्यावर करतात. शमू खुर्चीवर बसून प्रकृती विचारत होता. पुढं तोही वर्षादोन वर्षांनी यायचा, तासभर बसायचा, तब्येतीला जपा म्हणायचा. एवढंच राहिलं. भांडण नाही, काही नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं. रूथ त्याच्या येण्याआधी दोन दिवस घर झाडायची आणि तो गेल्यावर दोन दिवस बोलायची नाही.

दफनाला तो आला, सुजाता आली, नात तिच्या मुलाला घेऊन आली. आमच्यातले काहीजण कुजबुजले की आता तो आपल्यातला नाही, माती कशी देणार. पण शमूनं कोणाला विचारलं नाही, ओंजळभर माती उचलली आणि टाकली. रेबेका मावशी नांदेडहून आली होती, नव्वदीला टेकलेली, दोघींनी धरून आणलेली. तिनं शमूचा हात धरला आणि म्हणाली, "लेकरा, तू परत आलास म्हणून तुझ्या बापानं साक्ष दिली ना, त्या दिवशी मी वहीवर रडले होते." शमूला समजेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. कबर अजून उघडी होती. मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. मावशी, तो आला नव्हता." तिथं सगळे होते, पाळक होते, पंच होते. मला त्याचं काही वाटलं नाही. तेवढं धाडस यायला रूथला मरावं लागलं.

शमूनं माझ्याकडं पाठ केली. तो रेबेका मावशीला म्हणाला, "म्हणून तुम्ही यायच्या थांबलात?"

"हाव रे. आम्हाला वाटलं, आता तुझी आईच येत असंल."

"सुजाता दर गुरुवारी वाट बघायची," तो म्हणाला. "चार महिने बघितली. मग आम्हाला वाटलं, आईनंच थांबवलं. आईला आमचं नको झालं असंल." आणि मग त्याच आवाजात, "चाळीस वर्षं मला तेच वाटत होतं, मावशी." सुजाता तोंडाला पदर लावून उभी होती. दुपारच्या बसनं ते निघून गेले. मी फोन केला, उचलला नाही.

पंधरा दिवसांनी मी रूथची ट्रंक उघडली. साड्यांच्या खाली चिठ्ठ्यांची चवड होती, वहीच्या पानाच्या, चौकोनी घडी घातलेल्या. दरसाल नांदेडची सभा आली की ती एक लिहीत होती आणि देत नव्हती. मला वाटलं, शमू परत ख्रिस्ती व्हावा असं काही असेल. एकेक उघडली. प्रत्येकीत एकच मागणं. शमूच्या घरी कोणीतरी जाऊन यावं... एवढंच. कोणीतरी, म्हणजे मी सोडून कोणी असं तिला म्हणायचं होतं का मीच, ते आता कोणाला विचारू.

मी एसटीनं नांदेडला गेलो, म्हाताऱ्यांना तिकीट लागत नाही. रेबेका मावशीला म्हटलं, नाव परत चढव. तिनं वही काढली, नवी वही, जुन्या कधीच भरल्या. म्हणाली, "काय मागायचं, भाऊजी?" मी रूथची एक चिठ्ठी पुढं ठेवली. तिनं वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग काठी शोधायला लागली. मी म्हटलं, "मावशी, तू कुठं निघालीस ह्या वयात?" म्हणाली, "नाव चढवलं म्हणजे जावंच लागतं. रिक्षा बघा."

आम्ही गेलो. सुजातानं दार उघडलं, आत घेतलं, टीव्ही बंद केला. म्हणाली, "बाबा, ते पडलेत जरा." दुपारचे चार वाजले होते. दारात त्याच्या चपला होत्या, आतल्या खोलीत कोणी खोकलं ते मला ओळखू आलं. आम्ही चहा प्यायलो. मावशीनं डोळे मिटले, मी मिटले नाहीत, मी आतल्या पडद्याकडं बघत होतो. अर्ध्या तासानं उठलो. जिन्यावर मी म्हटलं, "आला न्हाई बाहेर." मावशी म्हणाली, "रूथला पायरीवर किती वर्षं उभं केलं होतं लोकांनी? तुम्ही एका दिवसात वैतागलात."

असे चार गुरुवार झाले. नियम महिन्याचा, पण मी दर आठवड्याला लातूरहून जातो, चहा पितो, परत येतो. गेल्या वेळी सुजाता म्हणाली की ते विचारत होते, बाबा बसनं येतात का रेल्वेनं. मी म्हटलं, बसनं. बाकी काही नाही.

हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रूथसाठी काही मागू नका, तिला गरज नाही. मला क्षमा मिळावी असंही मागू नका, माझं मी बघेन. तुम्ही कोणत्याही देवाचे असा, कोणाचेच नसाल तरी चालेल. नांदेडात शमुवेल नावाचा एक म्हातारा होत चाललेला मुलगा आहे. तो परत चर्चला यावा असं मागायचं नाही, ते त्याच्या आईनंही मागितलं नव्हतं. त्यानं आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यावं, एवढंच. आठ-दहा पावलं असतील. मी मोजलेली नाहीत.

आणि तो आला, तर साक्ष मी देणार नाही. ती त्याची आहे. द्यायची का नाही, त्याचं तो बघेल.